हरबाजींचे पथ्य

हरबाजींविषयी लिहावयास बसलो की प्रथम माझा हात जड होतो. अठरा वर्षे मी लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. कोणाचे वतन, कोणाचा बांध, कोणाची पळविलेली बैलजोडी, सर्वांस मी शब्द पुरविले. परंतु ज्या मनुष्याचा आपणांस मनापासून हेवा वाटला, त्याच्याविषयी न्यायाने कसे लिहावे, हे मला कोणी शिकविले नाही. पंतोजींच्या शाळेत मी मोडीच्या वळणापर्यंत आणि अपूर्णांकांच्या अलीकडेपर्यंत गेलो. पुढील सर्व विद्या मी स्वतःच स्वतःस दिली. तीत हा एक धडा राहून गेला.

अमरावतीच्या कचेरीसमोर एक जुनी चिंच आहे. तिच्या बुंध्याच्या पूर्वेस माझी चटई आणि पश्चिमेस हरबाजींची. ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत कोठे लढाई जुंपली असून तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला आहे, एवढे कचेरीतले कारकून सांगत. आम्हांस दिसे ते इतकेच, की ज्या काळ्या जमिनीच्या बांधाकडे पूर्वी कोणी ढुंकून पाहत नसे, त्या बांधाच्या वीतभर मातीसाठी सख्खे भाऊ अर्ज घेऊन येऊ लागले. कापसाचा भाव चढला, त्याबरोबर भांडणेही चढली, आणि अर्जनविसांच्या चटयांपुढे सकाळपासून जोडे साचू लागले.

माझ्या दुःखाचे मूळ हे, की हरबाजींच्या चटईपुढे जोडे अधिक साचत.

ते अकोटाकडचे, बागाईत करणाऱ्या माळ्यांच्या घरचे. आम्ही एकाच जातीचे. वयाने ते माझ्याहून पाच वर्षांनी लहान आणि शाळेत माझ्याहून एक इयत्ता कमी बसलेले. अंगाने काटक, उजव्या कानावर बोरू, आणि बोलणे असे हळू की समोरच्याने आपला आवाज आपोआप खाली आणावा. त्यांची लिहिण्याची रीत मला शेवटपर्यंत मानवली नाही. आमच्या धंद्याचा एक दस्तूर आहे. साहेब अर्जातले निम्मे खोटे धरून चालतो, म्हणून अर्जनविसाने सारे दुप्पट करून लिहावे. पक्षकारास एक थप्पड बसली असेल, तर आम्ही त्यास मरणोन्मुख लिहितो. एक वेळ उपाशी राहिला असेल, तर मुलाबाळांसह अन्नावाचून तडफडत आहे असे लिहितो. हरबाजी एका थप्पडीस एकच थप्पड लिहीत, आणि ‘डाव्या गालावर’ एवढे अधिक लिहीत. चार ओळींत अर्ज संपे. माझ्या अर्जाची नुसती नमस्कारांची ओळ त्याहून लांब असे.

आणि साहेब त्यांचेच खरे मानीत. एकदा नांदगाव पेठेचा एक कुणबी माझ्या चटईवरून उठून त्यांच्याकडे जाताना मजदेखत म्हणाला, “मुन्शीजी लई मोठं लिहितात जी, पण कचेरीत हरबाजीचंच चालते. मोठं आयकाले कोनाले येळ हाये?”

मी त्या दिवशी दोन बोरू मोडले.

त्यांच्या दुखण्याची सुरुवात मी समक्ष पाहिली आहे. संक्रांतीचा दिवस होता. शिरस्तेदारांच्या घरून तिळगुळाचे लाडू आले होते. एक लाडू आम्ही दोघांनी अर्धा अर्धा वाटून घेतला. मी माझ्या अर्जाचा मायना लिहून पुरा करतो न करतो, तोच पलीकडून विचित्र घरघर ऐकू आली. बुंध्याला वळसा घालून पाहतो, तो हरबाजींचे ओठ सुजून वांग्यासारखे झालेले, मानेवर चाबूक मारल्यासारख्या गांधी उठलेल्या, आणि दोन्ही हात गळ्याशी.

“मुन्शीजी,” ते म्हणाले, “माह्या गळ्यात कोनी तरी हात घालून राहिलं.”

ओकारी झाली म्हणून वाचले. परंतु तिसऱ्या प्रहरापर्यंत साऱ्या बाजारात पसरले, की मुन्शीजींनी हरबाजीवर करणी केली. लाडू तोच, अर्धा मी खाल्लेला, मला काही नाही आणि त्यांस मरण; शिवाय माझा हेवा कोणापासून लपलेला नव्हता. मी निरपराध होतो, हे सांगावयास नको. तथापि खरे लिहावयाचे ठरविले आहे म्हणून लिहितो, की माझ्या अंगी एवढे सामर्थ्य असावे असे लोकांस वाटले, याचा मला पुरते चार दिवस आनंद झाला.

वैद्याने पित्त सांगितले. भगताने लिंबू उतरविले. हरबाजींनी दोघांचेही ऐकून घेतले आणि पुढल्या महिन्यात आणखी दोन वेळा मरता मरता वाचले. मग त्यांनी आपल्या पोटास पक्षकारासारखे समोर बसविले. बिघडलेल्या कागदांच्या पाठीवर ते रोजचे जेवण लिहू लागले: काय खाल्ले, कोणी रांधले, पुढे काय झाले. ज्या पदार्थाने काही झाले नाही, त्यावर काट. काट मारता मारता दिवाळीपर्यंत एकच नाव उरले. तीळ. नुसते दाणे नव्हेत, तर तिळाचे तेलसुद्धा. आणि आमच्याकडे तर फोडणी त्याचीच, चटणी त्याची, सणही त्याचाच.

“चाळीस वर्षं खाल्ली जी,” ते मला म्हणाले. “मायच्या हातची तिळाची चटनी असली तं मले दुसरं काही लागत नव्हतं. आता काहून रागावली असन?” तीळ म्हणजे जणू एखादी मावशी असून तिला आपण नकळत काही बोलून गेलो असावे, असा त्यांचा स्वर होता.

त्या दिवसापासून त्यांचे पथ्य सुरू झाले. बाहेरचे अन्न बंद. फडक्यात गुंडाळलेली घरची भाकर, वर कांदा, आणि स्वतःचा तांब्या. करडईचे तेल आणावयास ते पायी नांदगाव पेठेस जात. कारण घाणा धुवावयास तयार अशी एकच तेलीण त्यांस सापडली होती. मी एकदा त्याच वाटेने येत असता तो सोहळा पाहिला. हरबाजी घाण्यापुढे उकिडवे बसलेले, आणि तेलीणबाई कढत पाण्याने लाकूड घासते आहे.

“हरबाजीभाऊ, दोन डाव धुतला ना! घाना हाये का देव्हारा?”

“आणखी एक डाव, बाई. तुमचा एक तीळ राहिला, तं माह्यी बायको कुकू पुसते.”

“कायचं बोलता सकाळीच!” असे म्हणून त्या बाईने तिसऱ्यांदा तर धुतलाच, पण चौथ्यांदाही आपण होऊन धुतला.

यात हेवा करण्यासारखे काय, असे कोणी विचारील. सांगतो. वर्षभरात तीन तालुक्यांत लोकांस ठाऊक झाले, की हरबाजीले तीळ चालत नाही. कचेरीचा शिपाई प्रसाद वाटताना आधी त्यांच्यापाशी थांबून कशात काय आहे ते सांगे. खेड्यांतल्या बाया अर्जाच्या कामास येताना कोरी वांगी आणीत आणि बजावीत, “भाऊ, घरीच रांधा बरं.” साहेबांच्या गोऱ्या डाक्तराने त्यांस बोलावून जीभ पाहिली. मला सात वर्षे संधिवात आहे. चिंचेखालच्या एकाही मनुष्यास माझा कोणता गुडघा दुखतो, ते आजतागायत माहीत नाही.

परंतु त्या पथ्याची किंमत त्यांस एके ठिकाणी द्यावी लागली. त्यांस वेणू नावाची एकुलती मुलगी होती. पहिली सोयरीक आली ती मोर्शीकडून. हरबाजींनी त्या घरी पाण्याखेरीज काही घेतले नाही, आणि पाहुणे उठून म्हणाले, की जो बाप आमच्या घरचा घास खात नाही, त्याची लेक आमच्या घरी काय नांदणार? सोयरीक मोडली. एकदा सोयरीक मोडलेल्या मुलीची दुसरीही मोडली, तर तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही, हे सर्वांस ठाऊक होते. पुढल्या हिवाळ्यात अकोल्याच्या तुळशीरामजींकडून मागणी आली. ते कापसाचे अडते. दोन हंगामांत घराला माडी चढलेली. मनुष्य मोकळा, मोठ्याने हसणारा. आणि पूर्वीचा माझा पक्षकार.

आमच्या जातीत साक्षगंधाच्या पंगतीस मुलाचा बाप मुलीच्या बापास आपल्या हाताने पहिला घास भरवितो. तो घास गिळला की सोयरीक पक्की. मग मागे कोणी फिरू शकत नाही.

त्या सुमारास एके सकाळी हरबाजी चिंचेला वळसा घालून माझ्या चटईपुढे येऊन बसले. इतक्या वर्षांत असे प्रथमच घडत होते.

“मुन्शीजी, एक कागद लिहून द्या.”

“कोनाचा?”

“माहा. आपलं आपन लिहू नाई म्हनतात. आन् तुळशीरामजी तुमचा हात वळखतात. दोनच ओळी लिहा जी. तिळानं मी मरतो. घासात तीळ नको, तेलबी नको. बस.”

“दोन ओळीत व्याह्याले कोनी लिहिते का? त्यायचा मान हाये का नाई? तुमी बसा. मी पाहतो.”

मी बसलो तो दिवस माथ्यावर येईपर्यंत उठलो नाही. ज्यांच्या लेखणीपुढे माझी लेखणी रोज हरत होती, ते आज माझ्या लेखणीस शरण आले होते. तेव्हा माझ्याजवळ होते नव्हते तेवढे मी त्या कागदात ओतले. तिळाचे नाव कानी पडताच अर्जदाराचे प्राण कंठाशी येऊन उभे राहतात; तिळाच्या शेतावरून वारा आला तरी अर्जदार मूर्च्छित होऊन धरणीवर पडतो; आपण कृपासिंधू आहां. असे कागदाचे दोन बंद भरले. माझ्या आयुष्यातले ते सर्वोत्तम लिखाण होते, असे मला त्या दिवशी वाटले.

हरबाजींनी सावकाश वाचले.

“वाऱ्यानं मले काही होत नाई जी.”

“असू द्या. जोर येते त्यानं.”

त्यांनी कागद उलटा करून पाठ पाहिली, जणू त्या दोन ओळी तेथे सापडतील. मग माझ्या तोंडाकडे पाहिले. ते माझ्या चटईवर बसले होते, आणि दुसऱ्याच्या चटईवर बसून त्याच्या कामास नावे ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. “बरं,” ते म्हणाले. “तुमच्या हातचं हाये. जाऊ द्या.” त्यांच्या हातून घडलेली चूक मला ठाऊक आहे ती एवढीच.

कागद पुढे गेला. मागाहून साक्षगंधासाठी, जातभाई म्हणून मलाही बरोबर घेऊन, सारी मंडळी निघाली, आणि दोन मुक्काम करून आम्ही छकड्याने अकोल्यास पोहोचलो. तुळशीरामजी दारातच सामोरे आले. त्यांनी हरबाजींस आलिंगन दिले, आणि हरबाजी हातपाय धुवावयास विहिरीकडे वळताच माझा दंड धरला.

“या मुन्शीजी! काय कागद लिहिला जी! अडतीत मोठ्यानं वाचून दाखवला मी सगळ्यायले. वाऱ्यानं मानूस पडते म्हनता!” भोवतालची मंडळी हसली. “माह्या बैलाच्या वक्ताले आठवते का? एक बैल लंगडत होता, तं तुमी चारी बैल सरगात धाडले! तुमच्या कागदात शिंक आली तरी मानूस मरते!”

सर्व हसले, आणि मीही हसलो. हसण्याहून अधिक म्हणजे, चारचौघांत माझ्या लेखणीची एवढी चर्चा झाली म्हणून मी फुललो.

पाने मांडली जात होती. मी हात धुवून परतताना स्वयंपाकघराच्या मागल्या दारावरून आलो. चुलीपाशी तुळशीरामजींची म्हातारी आई भरल्या वांग्यांच्या पातेल्यापुढे बसली होती, आणि सून तिला दबल्या आवाजात काही सांगत होती.

“कागदात लिहिलं ना आत्याबाई, तिळाचं.”

“लिहिते मुन्शी! मुन्शीचं पोट लिहिण्यावर हाये. कुटावाचून वांगं होते का? एवढा मोठा पाहुना, आन् त्याले बेचव खाऊ घालू?” आणि म्हातारीने भाजलेल्या तिळाचा कूट मूठ भरून पातेल्यात सोडला. त्याचा वास दारापर्यंत आला.

मी उभा होतो. मी पाहिले. आणि मी येऊन माझ्या पाटावर बसलो.

का बोललो नाही, हे मी स्वतःस अनेक वेळा विचारले आहे. त्यांचे मरण मी इच्छिले नाही. हे शपथेवर लिहून देईन. परंतु मनात एक गोष्ट येऊन बसली होती: आज कळू दे. एवढी तीन तालुक्यांची काळजी, ते धुतलेले घाणे, तो गोरा डाक्तर, हे सारे खरोखरच एका दाण्याचे आहे काय? मी स्वतः दोन बंद भरून लिहिले होते, आणि मी लिहिलेल्यावर माझाच विश्वास नव्हता.

तुळशीरामजींनी पोळीचा तुकडा मोडला, त्यात वांगे घेतले, आणि हात पुढे केला. हरबाजींनी तोंड उघडण्यापूर्वी पंगतीवरून नजर फिरविली. ती माझ्यावर येऊन थांबली.

“मुन्शीजी,” त्यांनी हळूच विचारले, “कागद पोचला ना?”

“पोचला जी,” मी म्हणालो.

त्यांनी घास घेतला.

पुढच्यास फार वेळ लागला नाही. प्रथम त्यांनी पाण्याचा तांब्या शोधला. मग चेहरा ओळखू येईनासा झाला. आवाज गेला, आणि ते पानावरच कोसळले. पंगत उठली, कोणी वारा घालू लागले, कोणी भगतास आणावयास धावले. तेवढ्यात आतून त्यांची पत्नी पार्वताबाई पदर कमरेला खोचून पुरुषांच्या गर्दीत शिरल्या. “सरा!” एवढेच त्या म्हणाल्या. त्यांनी नवऱ्यास बसते केले, दोन बोटे घशात घातली, ओकविले. लोक निजवा निजवा म्हणत असता निजू दिले नाही. पाठीशी गुडघा लावून त्यांस उभे धरून त्या दिवस मावळेपर्यंत बसल्या. एकेक श्वास शिट्टीसारखा येत होता, आणि प्रत्येक श्वासानंतर सारे घर पुढच्याची वाट पाहत होते.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांवरची सूज उतरली. तुळशीरामजी खोलीत आले. त्यांनी पागोटे काढून हरबाजींच्या पायांशी ठेवले. तो एवढा मोठा मनुष्य रडत होता. “व्याही म्हनाचं तोंड नाई राहिलं मले,” ते म्हणाले. “तुमी आता उठून जा. मी काही म्हननार नाई. पोरीचं नाव मी खराब होऊ देनार नाई. मीच वंगाळ होतो म्हनून गावात सांगतो.”

हरबाजींचा आवाज फाटला होता. ते म्हणाले, “जाऊ कसा? घास तं खाल्ला ना मी. सोयरीक पक्की झाली.”

खोलीतली मंडळी बाहेर गेल्यावर मी जवळ बसलो. बोलण्यावाचून मला गत्यंतर नव्हते. “हरबाजी, कूट टाकताना मी पाहिलं होतं.”

ते आढ्याकडे पाहत म्हणाले:

“तुमाले खोटं वाटलं असन.”

“हो.”

“पन लिहिलं तं तुमीच होतं जी.”

त्यांनी याहून अधिक काही म्हटले नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे कोणापाशीही म्हटले नाही. मला शिव्या दिल्या असत्या, तर मी त्यांच्या बरोबरीस आलो असतो.

लग्न अमरावतीस झाले. त्यानंतर मांडव परतणीच्या जेवणासाठी मुलीकडची आम्ही मंडळी पुन्हा अकोल्यास गेलो. हरबाजींनी तेथेच राहावयाचे ठरले होते; तुळशीरामजींस आपल्या अडतीच्या कागदांसाठी चार ओळींत खरे लिहिणारा मनुष्य हवा होता. त्यामुळे चिंचेची दोन्ही अंगे आता माझीच आहेत, आणि जोडेही. त्या दिवशी मी त्यांस पाहिले ते शेवटचे.

मांडवात दोनशे पाने होती. भांडी सारी नवी, कल्हईची. तुळशीरामजींच्या आईने पहाटेपासून चुलीपुढे दुसऱ्या कोणास येऊ दिले नव्हते. वाढप झाले. तुळशीरामजी हरबाजींच्या पानाशी उकिडवे बसले, त्यांच्याच पानातला घास स्वतः खाऊन पाहिला, आणि मग भरविला नाही. हात जोडून बाजूस झाले. हरबाजींनी आपल्या हाताने घास घेतला. तो चावला. गिळला.

पंगतीत कोणीही पानास हात लावला नव्हता. कोणी सांगितले नव्हते. तरी दोनशे माणसे हात आवरून त्यांच्या गळ्याकडे पाहत बसली होती. वाढपी जागच्या जागी उभे. दाराआडून वेणू पाहत होती. हरबाजींनी थोडा वेळ जाऊ दिला, मग बोटांनी गळा चाचपला, मान वर केली, आणि लाजल्यासारखे होऊन म्हणाले, “चालू द्या ना जी आता.”

मांडवभर एकच हशा उसळला, पाने वाजू लागली, कोणी भाजी मागितली, कोणी तूप. मीही पहिला घास घेतला. उत्तम होता. माझ्या घासाकडे कोणी पाहत नव्हते.